तिचं कडं, माझी साखळी

फळ्याच्या डाव्या बाजूला मी एकापुढे एक असे पाच चौकोन काढले आणि बाणांनी जोडले. उजव्या बाजूला तिने एकच चौकोन काढला आणि त्याच्याभोवती मार्करने एक मोठं कडं ओढलं. माझे चौकोन पट्टीने काढल्यासारखे सरळ आले होते. तिचं कडं अंड्यासारखं झालं होतं. तरी खोलीतल्या सगळ्यांच्या खुर्च्या तिच्या बाजूला वळलेल्या होत्या, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

त्या फळ्यावर काय ठरणार होतं ते आधी सांगते. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला गेटवर येणाऱ्या मालगाड्यांसाठी सॉफ्टवेअर हवं होतं. गाडी आली, तिचं चलन तपासलं, वजन झालं, क्वालिटीने माल पाहिला, स्टोअरने उतरवून घेतला, गाडी गेली. हे सगळं तोवर वहीवर चालायचं. आमची आयटी कंपनी माण गावाच्या बाजूला. सरांनी सांगून ठेवलं होतं की ज्याची रचना निवडली जाईल त्याच्याकडे काम. टीम त्याची, कारखान्याशी बोलणं त्याचं, आणि मागून येणारी तशी सगळी कामंही त्याचीच. या कंपनीत इतकी वर्षं मी वाट पाहत होते ती याच्यासाठी. ती येण्याआधी दुसऱ्या कुणाचं नाव निघायचं कारणच नव्हतं.

ती आमच्याकडे आली ती दुसरी एक कंपनी सोडून. वयाने माझ्याहून थोडीच लहान, पण पहिल्या दिवसापासून मला ‘ताई’ म्हणायला लागली. आयटीत कुणी कुणाला ताई म्हणत नाही. मी एकदा म्हटलं, “नावाने हाक मारलीस तरी चालेल.” ती म्हणाली, “चालेल हो ताई,” आणि ताईच म्हणत राहिली. आठवड्याभरात अख्ख्या मजल्याने तो शब्द उचलला. मी सकाळी कॅन्टीनमध्ये गेले की पोरं सरकून जागा करून द्यायची, “या ताई,” आणि मग पुन्हा तिच्याकडे वळून तिचं बोलणं ऐकायची.

माझं काम यादीवर चालतं. दिवसाची यादी, आठवड्याची यादी, किराण्याची, मुलीच्या क्लासची, सोसायटीच्या पाण्याच्या टँकरची. झालेल्या कामावर मी रेघ मारते आणि ती रेघ मारण्यात मला सुख आहे. तिच्याकडे एकही यादी नव्हती. टेबलावर पाण्याची बाटली, चार्जर आणि कुणीतरी वाचायला दिलेलं पुस्तक. तरी तिचं काम वेळेवर व्हायचं. याचा मला फार त्रास व्हायचा. ती ढिसाळ असती तर माझं निभावलं असतं.

आता आमचा वाद. वेबचं सॉफ्टवेअर कुणी कोऱ्या पाटीपासून लिहीत नाही. फ्रेमवर्क नावाचा तयार सांगाडा असतो, त्यात आपण आपलं काम बसवतो. गेटवरच्या माणसाने बटण दाबलं की एक रिक्वेस्ट निघते आणि सांगाडा ती योग्य ठिकाणी नेतो. पण वाटेत बऱ्याच गोष्टी करायच्या असतात. माणूस ओळखीचा आहे का, चलन बरोबर आहे का, गाडी थांबवायची की सोडायची, नोंद झाली का. ही मधली कामं बसवायच्या दोन रीती आहेत.

माझी रीत साखळीची, चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी. एकेका कामाचा एकेक दुवा. रिक्वेस्ट पहिल्या दुव्याकडे येते. त्याच्या अखत्यारीतली असेल तर तो निकाल देतो आणि गोष्ट तिथे संपते. नसेल तर तो ती पुढच्याकडे सरकवतो. ज्याने कुठल्याही सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर कागद फिरवलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि कारखान्याचं गेट म्हणजे टेबलांची रांगच.

तिची रीत इंटरसेप्टरची. इंटरसेप्टर कामाच्या बाहेर कड्यासारखा बसतो. रिक्वेस्ट आत जाताना त्याच्यातून जाते आणि उत्तर बाहेर येतानाही त्याच्यातूनच येतं. आत काय ठरलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गेलं ते पाहिलं, आलं ते पाहिलं. तिचं म्हणणं असं होतं की एकात एक अशी कडी बसवली की सगळं काम त्यातच होतं, वेगळी साखळी कशाला.

मी घरी, पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये, दोन्हींची तुलना लिहून काढली. डावीकडे माझी रीत, उजवीकडे तिची. तिच्या बाजूच्या ओळी जास्त झाल्या, तेव्हा मी उठून चहा केला, परत बसले आणि माझ्या बाजूला आणखी दोन शोधून काढल्या. त्या दोन्ही खऱ्या होत्या. पण समोरची रीत तिची नसती तर मी चहासाठी उठले नसते.

बैठकीत निकाल लागला नाही. सर म्हणाले, “दोघी आपापलं छोटं करून चाकणला न्या. एक दिवस गेटवर चालवा. काय टिकतं ते पाहू.” मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “तुमची गाडी आहे ना? तिला घेऊन जा बरोबर.”

ती दिघीची. भोसरीच्या पुलाखाली उभी राहते म्हणाली. मी ठरल्या वेळेच्या आधी पोचले, आणि ती माझ्याही आधी येऊन एका रिक्षावाल्याशी हसत बोलत उभी होती. दार उघडून बसली. मांडीवर डबा.

“ताई, पोहे आणलेत. तुम्ही काही खाल्लं नसणार.”

“मी खाऊन निघते.”

“मग दुपारी खाऊ. गेटवर काका-बिका असतील तर त्यांनाही होतील. जास्तच केलेत.”

“तू पहाटे उठून पोहे केलेस?”

“मी कुठली. आईने केले. मी फक्त डबा बंद केला.” आणि स्वतःच हसली. “तुमची तयारी झाली ना पूर्ण? तुम्ही यादी केली असेल.”

“केली.”

“माझ्यासाठी पण करायची होती की.”

मोशी गेलं तसे दोन्ही बाजूंना कंटेनर लागले. तिने काच खाली केली आणि शेजारच्या ट्रकवाल्याला विचारलं, “भाऊ, पुढे जाम कुठपर्यंत आहे?” तो म्हणाला, “चाकणपर्यंत जामच हाय म्हना की.” मी नकाशा उघडून ठेवला होता, त्यावर लाल रेघ दिसतच होती. पण ती माहिती आता तिने आणलेली झाली.

गेटवर एक वयस्क गृहस्थ होते, गेटचे मुख्य. जवळच्याच गावचे. त्यांच्या टेबलावर वही, शेजारी आमचे दोन कॉम्प्युटर. एकावर माझी साखळी, दुसऱ्यावर तिची कडी. प्रत्येक गाडी दोन्हींवर नोंदवायची आणि वही नेहमीसारखी चालू ठेवायची, असं ठरलं होतं.

ते म्हणाले, “म्हंजी एकच गाडी तीनदा लिवायची.”

“आजच्या दिवस काका,” ती म्हणाली.

“लिवू. पर डायवर लोक शिव्या देतील, त्या तुमी घ्यायच्या.”

“अर्ध्या मी, अर्ध्या ताई.”

ते मोठ्याने हसले आणि एक स्टूल पुसून तिला दिलं. मला खुर्ची होती, मी आधीच बसले होते. तरी मला ते स्टूल दिसलं.

पहिल्या काही गाड्या दोन्हींवर सुरळीत गेल्या. मग एक टेम्पो आला, रबरी भाग घेऊन. चलन ठीक, वजन ठीक. क्वालिटीच्या माणसाने दोन खोकी उघडली आणि गाडी अडवून ठेवली. तपासणीला वेळ लागणार होता. माझ्या पडद्यावर त्या गाडीचा नंबर क्वालिटीच्या दुव्यावर थांबला, जसा थांबायला हवा तसा. तिच्या पडद्यावर आत असलेल्या गाड्यांमधून तो टेम्पो नाहीसा झाला.

क्वालिटीचा माणूस खिडकीत येऊन म्हणाला, “मॅडम, ही गाडी कुठाय यावर?”

“कुठली?”

“ही काय, माझ्या मागं उभी हाय ती.”

मला लगेच कळलं. तिचं कडं रिक्वेस्ट बाहेर येताना ‘पूर्ण’ असा शेरा मारत होतं. क्वालिटीने गाडी थांबवली तरी उत्तर बाहेर आलंच, कारण कुठलंही उत्तर शेवटी बाहेर येतंच. कड्याने शेरा मारला आणि जिच्यावर ‘पूर्ण’ लिहिलं ती गाडी यादीतून गळाली. थांबवणं हा निकाल आहे आणि निकाल देणं कड्याचं काम नाही. हे मी बैठकीत म्हटलं होतं, शब्दशः.

माझ्या अंगातून एक गोड लहर गेली. खोटं कशाला सांगू. मी तोंड गंभीर ठेवलं आणि वाट पाहिली की आता ती गडबडेल.

ती गेटच्या काकांना म्हणाली, “काका, माझ्या कॉम्प्युटरने तुमची गाडी पळवली हो.”

“पळवू द्या. किल्ली डायवरकडं हाय,” ते म्हणाले.

सगळे हसले. क्वालिटीचा माणूससुद्धा. तिने एका कागदावर दोन शब्द लिहून ठेवले आणि मला म्हणाली, “ताई, हे तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकायला हवं होतं.” मी वाट पाहत होते त्यातलं काहीच झालं नाही. ती चुकली आणि तिला सगळ्यांनी आणखी जवळ केलं. मी चुकले की लोक गप्प होतात. मला धीर द्यायलाही कुणी पुढे येत नाही, कारण माझं चुकणं कुठे बसवायचं ते त्यांना कळत नाही.

दुपारी पोहे निघाले. काकांनी घरून आणलेला ठेचा तिच्या डब्याच्या झाकणात काढला. मलाही दिला. चांगला होता.

जेवण होतंय तोवर आतून फोन आला. कुठलातरी भाग संपत आला होता आणि उत्पादनाची लाइन थांबायच्या बेतात होती. चाकणच्या पट्ट्यात याची एक ठरलेली चाल आहे. मालवाला चलनावर लाल पेनाने मोठा तिरपा शेरा मारून पाठवतो. लाल शेऱ्याची गाडी गेटवर थांबत नाही, वजनाच्या काट्यावर जात नाही, क्वालिटीकडे जात नाही. सरळ लाइनच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. कागदपत्रं मागाहून. हे मला माहीत होतं, मी आधीच्या भेटीत विचारून घेतलं होतं. माझ्या साखळीत त्यासाठी वेगळा दुवा होता, चलनाच्या लगेच पुढे. लाल शेरा दिसला की तो दुवा निकाल देणार, ‘आत सोडा’, आणि पुढच्या कुणालाही त्रास द्यायचा नाही.

गाडी आली. ड्रायव्हरने खिडकीतून चलन नुसतं फडकवलं. काकांनी दोन्हीकडे बटण दाबलं. माझ्या पडद्यावर हिरवा निकाल आला, फाटक उघडलं, गाडी गेली. तिच्या कड्यांना लाल शेरा वगैरे काही ठाऊक नव्हतं. तिथे वजनाची चौकट अडून बसली, वजन टाकल्याशिवाय पुढे जाईना. काका म्हणाले, “तुमची गाडी काट्यावर थांबली जनू. आनि खरी गाडी तर लाइनीवर पोचली.” ती कपाळाला हात लावून हसली. मी पाणी प्यायले. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं मला वाटलं. काम माझं झालं. मी मनात टीमची जुळवाजुळव करायलाही घेतली, तिला कुठे ठेवायचं याच्यासकट.

तीच गाडी रिकामी होऊन परत आली. बाहेर पडायच्या फाटकावरच्या रखवालदाराने माझ्या मशीनवर नंबर टाकला आणि आम्हाला हाक मारली.

“ही गाडी आत गेलीच न्हाई.”

“गेली की. तुमच्यासमोरून गेली,” मी म्हणाले.

“डोळ्यांनी म्या पन बघितली. मशीनवर न्हाई. आत गेली न्हाई ती भाईर कशी सोडू?”

ड्रायव्हर खाली उतरला. “राव, मी काय भूत आहे का? पुढची फेरी आहे मला.”

मी पडद्याकडे पाहत राहिले. माझा शेवटचा चौकोन नोंदीचा होता. सगळ्या दुव्यांतून पार झालं, सगळं ठरलं, की शेवटी लिहायचं. माझी स्वयंपाकघरापासूनची शिस्त तीच आहे. काम पूर्ण झाल्याशिवाय मी रेघ मारत नाही. पण लाल शेऱ्याच्या दुव्याने निकाल दिला आणि साखळी तिथेच संपली. शेवटच्या चौकोनापर्यंत काही पोचलंच नाही. गाडी शिरली, उतरली, निघाली, आणि माझ्या लेखी ती जन्मालाच आली नव्हती.

ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “ताई, नोंद शेवटी आहे ना तुमची?”

“हो.”

“माझ्याकडे आत आल्याची आहे.” मग मोठ्याने काकांना, “काका, ही गाडी माझ्या मशीनवर आहे. तिथून सोडा. दोघींची मिळून एकच समजा.”

काकांनी तिच्या मशीनवरून नंबर काढला. तिथे ती गाडी काट्यावर अडकलेली होती, पण आत आल्याचं लिहिलेलं होतं. कड्याने आत काय ठरलं ते विचारलं नव्हतं. गेलं ते पाहिलं होतं, एवढंच. ड्रायव्हर निघून गेला.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. रस्ता मोकळा होता त्यातल्या त्यात. माझ्या डोक्यात एक गोष्ट जुळत होती. निकाल आत हवेत, साखळीने, कारण निकालाला थांबता आलं पाहिजे. नोंद बाहेर हवी, इंटरसेप्टरने, कारण नोंदीला थांबता कामा नये. या दोन रीती एकमेकींच्या जागेवर बसवायच्या नाहीतच. मी वाक्यं जुळवत होते, सरांना कसं सांगायचं, आधी काय, मग काय. मोशीच्या अलीकडे ती म्हणाली, “ताई, बाहेर माझं कडं ठेवू आणि आत तुमची साखळी. नाही का?”

माझं वाक्य अजून अर्धंही झालं नव्हतं.

“मी तेच म्हणणार होते,” मी म्हणाले.

“मग झालंच की,” ती म्हणाली आणि उरलेले पोहे खायला डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे तिने गोल काढला आणि गोलाच्या आत माझे पाच चौकोन. या वेळी नीट सरळ काढले. नोंदीचा चौकोन पुसून कड्यावर नेला आणि ‘पूर्ण’चा शेरा कड्यावरून काढून साखळीच्या ताब्यात दिला. सर म्हणाले, “छान. कुणाची कल्पना?” ती म्हणाली, “ताईंची. मी फक्त गाडीत बोलून दाखवली.” मी पुढे होऊन खरं काय ते सांगितलं नाही, कारण खरं काय होतं ते मलाच नक्की ठरवता येईना. पण तिने ती कल्पना अशी देऊन टाकली, जशी आपल्याकडे पडून असलेली जास्तीची छत्री कुणाला देतो. माझ्याकडे तशी जास्तीची एकही नव्हती. तिचा सगळ्यात जास्त हेवा मला त्या क्षणी वाटला. तिला काम मिळालं तेव्हाही इतका वाटला नाही.

काम तिलाच मिळालं. सरांनी मला आत बोलावून सांगितलं. “रचना दोघींची आहे. पण कारखान्याशी बोलणं तिला जमतं. ते लोक तिच्याशी बोलतात. आतलं सगळं तुम्ही बघा. आतलं तुमच्याइतकं नीट कुणी करणार नाही.” माझी स्तुती नेहमी अशी असते, आतली.

ती माझ्या टेबलाशी आली. बसली नाही.

“ताई, राग आलाय ना?”

“आलाय.”

“मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल.”

“कशाला म्हणू?”

ती टेबलाला टेकली. “मला तुमच्यासारखं आतलं जमत नाही. खरंच सांगते. मी केलं असतं तर साखळीचा पार गुंता झाला असता.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले. ती हसली. मला हसू आलं नाही, पण तिने ते मनावर घेतलं नाही, आणि तिने ते मनावर न घेणंही मला खुपलं.

आता ते सॉफ्टवेअर चालू आहे. गाडी आली की आधी तिच्या कड्यातून जाते, मग माझ्याकडे येते, मी ठरवते, आणि बाहेर पडताना पुन्हा तिच्याकडून जाते. माझा एकही निकाल तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय जगात पोचत नाही. रचना म्हणून ते अगदी बरोबर आहे. दुसऱ्या कुठल्याही कामाला मी हेच सुचवेन, आणि नव्या पोरांना शिकवतेही हेच. नोंद, ओळख, वेळ मोजणं, जे प्रत्येकाला लागू आहे ते कड्यात. जिथे कुणीतरी ‘नाही’ म्हणू शकतं ते साखळीत. पोरं विचारतात, “ताई, हे तुम्हाला कसं सुचलं?” मी म्हणते, “चाकणला.”

परवा साखळीत एक दुवा बदलायचा होता म्हणून मी एकटी तिकडे गेले. काकांनी फाटक उघडलं आणि माझ्या मागच्या सीटकडे वाकून पाहिलं.

“त्या ताई न्हाई आल्या?”

“त्या मीटिंगमध्ये आहेत. मी आलेय.”

“व्हय, तुमी हायच की,” ते म्हणाले आणि माझ्या गाडीचा नंबर मशीनवर टाकला. आता पाहुण्यांच्या गाड्याही त्यावरच येतात. मी गाडी लावून काच वर घेते तोवर फोन वाजला. तिचा मेसेज.

‘पोचलात ताई. आत्ता दिसलात मला. काल तुमच्या टेबलावर चिवड्याची पिशवी ठेवली होती, घेतली का बरोबर?’

पिशवी शेजारच्या सीटवर होती. मी ‘हो’ एवढंच लिहिलं, यादी काढली आणि कामाला आत गेले.